लिनक्सवर गेम अटकतो? आधी बघा, चित्र कोण काढतंय

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल.

विंडोजवर बरा चालणारा गेम लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर आला की यातलं एखादं होतं. गेम उघडतो, पण चित्र इतकं रेंगाळतं की मेन्यूतला बाणसुद्धा हाताच्या मागे राहतो. किंवा स्टीम या गेमच्या ॲपमध्ये ‘प्ले’ दाबलं की बटणाचं ‘स्टॉप’ होतं, दहा सेकंदांनी परत ‘प्ले’, आणि मधे काय झालं याचा कुठे पत्ता नाही. किंवा काल रात्रीपर्यंत सगळं ठीक होतं, अपडेट झालं आणि सकाळी काळा पडदा, नाहीतर दुकानाच्या पाटीएवढी मोठी अक्षरं. किंवा पहिली वीस मिनिटं झकास, मग गचके. आणि शेवटचं, ऑनलाइन गेम लॉबीपर्यंत नेतो आणि तिथून बाहेर काढतो.

माझी नोकरी वेगळीच आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, ११ जुन्या मशीनला घेत नाही, आणि तेव्हापासून नागपुरात मानेवाड्यापासून धरमपेठेपर्यंतची ओळखीची पोरं लिनक्सकडे वळली. मग फोन येतो, ‘ताई, लिनक्स टाकलं न मी, पण गेम अटकूनच राहिला.’ पुढचं वाक्यही ठरलेलं. तीन वेळा नव्याने टाकून पाहिलं, एकदा उबुंटू, एकदा मिंट, एकदा फेडोरा, म्हणजे लिनक्सचेच तीन प्रकार. तिन्ही वेळा तेच झालं, कारण दुखणं त्यात नव्हतंच. मी पहिला प्रश्न एकच विचारते: पडद्यावरचं चित्र नेमकं कोण काढतंय? ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरच्या पोटातला छोटा ग्राफिक्स भाग, की बिचारा प्रोसेसर एकटाच? याचं उत्तर मिळाल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही, ही माझी अट.

खालचा क्रम फुकटाकडून महागाकडे जातो. मधल्या पायऱ्या गाळू नका. टर्मिनलच्या आदेशांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना ती इंग्रजी छोट्या अक्षरांत टाका.

हा गेम लिनक्सवर चालण्यातला आहे का?

अर्धा तास वाचवणारी तपासणी. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजेंड्स चालायचा, पण २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्यांनीच लिनक्सला दार बंद केलं. जीटीए ५ ची गोष्ट मजेदार आहे. एकट्याने खेळायचा भाग चालतो, ऑनलाइन भाग सप्टेंबर २०२४ मध्ये नवी फसवणूक-रोधक यंत्रणा आल्यापासून चालत नाही.

याचं कारण समजून घेतलं तर उगाच झटापट होत नाही. लिनक्सवर विंडोजचे गेम चालतात ते प्रोटॉनमुळे. स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये ते आणलं. प्रोटॉन दुभाष्याचं काम करतं. गेम विंडोजच्या बोलीत ‘हे चित्र काढ’ म्हणतो, आणि प्रोटॉनमधला डीएक्सव्हीके नावाचा भाग ते व्हल्कन नावाच्या दुसऱ्या बोलीत कार्डाला सांगतो. डायरेक्टएक्स १२ या विंडोजच्या नव्या बोलीतल्या गेमसाठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन हा दुसरा दुभाषी आहे. चित्राचं भाषांतर होतं, पण व्हॅलोरंटचा फसवणूक पकडणारा पहारेकरी थेट विंडोजच्या गाभ्यात बसतो, आणि तो गाभा लिनक्सवर नसतोच. बॅटलआय आणि इझी अँटी-चीट या दोन फसवणूक-रोधक यंत्रणांना लिनक्स चालतं, पण गेम बनवणाऱ्याने ती सोय स्वतःहून चालू करावी लागते. कुणी करतो, कुणी नाही.

प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर गेमचं नाव टाका, आपल्यासारख्याच लोकांचे अनुभव दिसतात. ऑनलाइन गेम असेल तर ‘आर वी अँटी-चीट येट’ हे संकेतस्थळही बघा. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांची तर लिनक्ससाठी मुळातच वेगळी आवृत्ती आहे. व्हॅलोरंटशिवाय ज्याचा दिवस जात नाही त्याने विंडोज ठेवावं, शेजारी लिनक्स टाकावं. यात कमीपणा नाही.

मागे हात घालून वायर बघा

डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या मागे मॉनिटरची वायर कुठे खुपसली आहे ते पाहा. मागे वरच्या भागात, यूएसबीच्या शेजारी असेल तर ती मदरबोर्डला लागली आहे. खाली आडव्या पट्टीत असेल तर ग्राफिक्स कार्डाला. ती खालीच हवी.

हसू नका. धरमपेठेत एका काकूंकडे मी चार किलोमीटर स्कूटी मारत गेले आणि दोन मिनिटांत परत निघाले. दिवाळीच्या साफसफाईत सगळ्या वायरी काढल्या होत्या, परत लावताना जी जागा समोर दिसली तिथे लावली. मुलगा महिनाभर लिनक्सला शिव्या घालत होता, कारण विंडोज त्याने त्याच आठवड्यात काढलं होतं. विंडोज बऱ्याचदा ही चूक सांभाळून घेतं आणि गेम कार्डाकडे पाठवतं. लिनक्स मात्र ज्या भोकात मॉनिटर लागला त्याच्याच मालकाला काम सांगतं. काकूंनी तेवढ्यात चिवडा बांधून दिला, तर फेरी अगदीच फुकट गेली नाही.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावा आणि पॉवर मोड ‘परफॉर्मन्स’वर न्या. बॅटरी वाचवायच्या मोडमध्ये प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटही बघा, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. १४४ चा मॉनिटर ६० वर पडून असलेला मी कितीदा पाहिला आहे.

पहिल्या दिवशी थोडा धीर धरा

नवा गेम लावला की स्टीम ‘व्हल्कन शेडर प्रक्रिया चालू आहे’ अशा अर्थाची पट्टी दाखवतं. पोरं तिथे ‘स्किप’ दाबतात. दाबू नका. शेडर म्हणजे प्रकाश, सावली, पाणी कसं दिसेल हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम. ते तुमच्या कार्डासाठी आणि तुमच्या ड्रायव्हरसाठी (कार्डाला चालवणारं सॉफ्टवेअर) आधी तयार करून ठेवले तर खेळताना गचका बसत नाही. घाई केली तर नवी खोली, नवा स्फोट, नवा शत्रू आला की दरवेळी तिथेच तयार होत बसतात. ड्रायव्हर बदलला की ही कसरत पुन्हा एकदा होते, म्हणून अपडेटनंतरचा पहिला अर्धा तास हिशोबात धरायचा नाही. जुन्या प्रोसेसरवर मोठ्या गेमला वेळ लागतो. तर्री-पोहे खाऊन या.

आता मुख्य प्रश्न: चित्र कोण काढतंय?

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडा आणि ग्राफिक्ससमोर काय लिहिलं आहे ते वाचा. तुमच्या कार्डाचं खरं नाव असेल तर उत्तम. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असं लिहिलं असेल तर रोग सापडला. याचा अर्थ कार्ड बाजूला बसलं आहे आणि प्रोसेसर एकटा सगळं रंगवतोय. डेस्कटॉप कसाबसा चालतो, गेम शक्यच नाही. पाटीएवढ्या अक्षरांचं कोडंही बहुतेक इथेच सुटतं.

दुसरा, जास्त भरवशाचा उपाय म्हणजे मँगोहड हा छोटा प्रोग्रॅम. सॉफ्टवेअरच्या यादीतून घ्या. मग स्टीममध्ये गेमवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लॉन्च ऑप्शन्स’, आणि तिथे ‘मँगोहड’, एक जागा, आणि दोन्हीकडे टक्क्याचं चिन्ह लावलेला ‘कमांड’ हा शब्द लिहा. गेममध्ये कोपऱ्यात आकडे दिसू लागतात. कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या आसपास असेल तर कार्ड मनापासून काम करतंय. मग गेमचीच सेटिंग कमी करा, दुसरा इलाज नाही. कार्ड १०-१५ टक्क्यांवर लोळत असेल आणि प्रोसेसर १०० वर धापा टाकत असेल, तर काम चुकीच्या हातात आहे.

एएमडीचं कार्ड असेल तर इथे क्वचितच काही निघतं, कारण त्याचा ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतो. मला येणारे फोन बहुतेक एनव्हिडियाचे असतात.

एनव्हिडिया: सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो

लिनक्स टाकताना ‘तिसऱ्या पक्षाचे ड्रायव्हर’ या अर्थाची खूण केली नाही तर बहुतेक ठिकाणी नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर लागतो. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांवर त्याची एक मोठी अडचण आहे. कार्डाचा वेग वाढवायला एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, ते नूव्होकडे नाही. म्हणून कार्ड सुरू होतानाच्या सगळ्यात कमी वेगावरच अडून राहतं. बर्डीच्या बाजारातून जुनं १०५० टीआय कार्ड घेतलेला पोरगा म्हणतो, ‘ताई, कार्डच डब्बा निघालं.’ कार्ड बरं असतं, पहिल्या गिअरमध्ये चालत असतं इतकंच.

मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’, उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा आणि जिथे ‘शिफारस’ लिहिलं आहे तो निवडा. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून हाताने टाकू नका. ती आजच्यापुरती चालते आणि पुढच्या कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेटला कोसळते. जुन्या कार्डवाल्यांनी एक आकडा लक्षात ठेवा. ५८० ही ९०० आणि १००० मालिकेला चालणारी शेवटची ड्रायव्हर-शाखा आहे, ५९० त्यांना ओळखत नाही. नवं ते चांगलं म्हणून वरचा आकडा निवडला की काळा पडदा. जीटी ७१० सारखी त्याहून जुनी कार्डं तर ४७० वरच थांबली. डीएक्सव्हीकेला २.० पासून व्हल्कन १.३ लागतं, ते या कार्डांकडे नाही. अशा कार्डावर नव्या गेमसाठी रात्री जागू नका.

टाकून झालं की मशीन बंद-चालू करा आणि टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ लिहा. कार्डाचं नाव आणि तापमान असलेला तक्ता आला तर जिंकलात. ‘ड्रायव्हरशी बोलता आलं नाही’ अशा अर्थाची ओळ आली तर बहुधा सिक्युअर बूट आडवा आला आहे.

सिक्युअर बूट म्हणजे मशीनचा दारावरचा शिपाई. ज्याच्याकडे ओळखपत्र नाही असा ड्रायव्हर तो आत सोडत नाही. ड्रायव्हर टाकताना उबुंटू तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगतं, आणि पुढच्या वेळी मशीन चालू होताना एक निळा पडदा येतो. त्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा, की ओळखपत्र तयार. गोम अशी की दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबली नाही तर तो पडदा निघून जातो. रीस्टार्ट दाबून तुम्ही पाणी प्यायला उठलात की संधी गेली, आणि ड्रायव्हर टाकूनही न टाकल्यासारखा. पुन्हा टाका, आणि या वेळी मशीनसमोर बसून राहा.

‘सिक्युअर बूट बंदच करून टाकतो न’ हा शॉर्टकट बऱ्याच जणांना सुचतो. दोन गोष्टी आधी ऐका. शेजारी विंडोज ११ असेल आणि त्यात व्हॅलोरंट खेळत असाल, तर त्याला सिक्युअर बूट चालू लागतो. बंद केलंत तर इकडे गेम आला आणि तिकडे गेला. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. विंडोजने डिस्क कुलूपबंद केली असेल, आणि नव्या लॅपटॉपवर ते न विचारताच केलेलं असतं, तर हा बदल होताच विंडोज ४८ आकड्यांची बिटलॉकर किल्ली मागतं. ती किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून आधी कागदावर उतरवा, मगच बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) जा. एका दादाच्या विंडोजमध्ये वडिलांचं तीन वर्षांचं टॅली होतं. किल्ली शेवटी जुन्या ईमेल खात्यात सापडली, पण तोवर घरात कोणी जेवलं नव्हतं.

आता हे पुन्हा पुन्हा का होतं ते. ड्रायव्हरचा एक तुकडा कर्नलच्या मापाने शिवलेला असतो. कर्नल बदलला की तो तुकडा नव्याने शिवावा लागतो, आणि बऱ्याच ठिकाणी हे काम मागे, गुपचूप चाललेलं असतं. फेडोरात अपडेट संपलं असं दिसतं, पण शिवण चालूच असते. पाच-सात मिनिटं थांबून मग रीस्टार्ट करा. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात किंवा पहिल्या वादळी पावसात अपडेटच्या मधेच लाइट जाते. तुकडा अर्धवट राहतो, आणि सकाळी काळा पडदा. मशीन चालू होताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा, बहुतेक वेळा सगळं परत दिसतं. मग सॉफ्टवेअर अपडेट पुन्हा चालवून अर्धवट राहिलेलं पूर्ण करा. डेस्कटॉपवाल्यांनी इन्व्हर्टर किंवा यूपीएस नसेल तर आभाळ भरून आलेलं असताना अपडेट लावूच नये.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स

गेमिंग लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचा छोटा भाग आणि एनव्हिडियाचं कार्ड, दोन्ही असतात. डेस्कटॉप छोट्यावर चालतो, गेमनेही तोच धरला की गचके. गेमच्या लॉन्च ऑप्शन्समध्ये ‘प्राइम-रन’ (तो आदेश तुमच्या लिनक्सवर असेल तर), जागा, आणि टक्क्यांमधला ‘कमांड’ लिहा. मिंटमध्ये खालच्या पट्टीतल्या एनव्हिडियाच्या चिन्हावरून थेट मोठं कार्डही निवडता येतं. बॅटरी लवकर संपेल, पण खेळताना चार्जर लावलेलाच असतो.

विंडोजच्या डिस्कवरून गेम चालवू नका

‘प्ले’चं ‘स्टॉप’ आणि परत ‘प्ले’, या कोड्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त वेळा इथे मिळालं. विंडोजमध्ये डी ड्राइव्हवर २०० जीबी गेम पडलेले असतात. कुणाला वाटतं, परत कशाला उतरवायचे, स्टीमला तोच फोल्डर दाखवू. दिसतात, गेम यादीत येतात, सुरू होत नाहीत.

प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक खोटा सी ड्राइव्ह बनवतं. त्यात ‘सी’ आणि पुढे दोन टिंबं अशा नावाचा एक दुवा असतो. विंडोजच्या एनटीएफएस या डिस्क मांडायच्या पद्धतीत फाइलच्या नावात ते दोन टिंबांचं चिन्ह बसत नाही. कधी लिनक्स तो दुवा बनवूच देत नाही, कधी बनतो आणि पुढच्या खेपेला विंडोजची डिस्क-तपासणी त्यावर अडते. शिवाय फाइल कोणाची, कोण चालवू शकतो, हे नियम दोन्हींचे वेगळे.

यात भर म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप. तुम्ही ‘शटडाऊन’ करता, पण ते पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं आणि डिस्कवरचा हक्क सोडत नाही. मग लिनक्सला ती डिस्क फक्त वाचायला मिळते, लिहायला नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा. तोवर विंडोजमधून बाहेर पडताना ‘रीस्टार्ट’ दाबा, त्यात ते पूर्ण बंद होतं.

खरा इलाज एकच. गेमसाठी लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा वेगळा विभाग करा आणि फोल्डर तिकडे कॉपी करा. उतरवलेला डेटा वाया जात नाही, स्टीम तपासून घेतं आणि उरलेलंच मागवतं. विभाग पाडताना मात्र हात थरथरत असेल तर थांबा. घरातल्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर असतील तर ते आधी बाहेरच्या डिस्कवर.

दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना जाता जाता एक. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं.

स्टीम कुठून घेतलं, प्रोटॉन कुठलं आहे

उबुंटूच्या दुकानातून घेतलेलं स्टीम स्नॅप पद्धतीचं (वेगळ्या डब्यात बंद केलेलं) असू शकतं. ते काढा आणि स्टीमच्या संकेतस्थळावरची डेब फाइल टाका. फ्लॅटपॅक या तशाच दुसऱ्या पद्धतीचं असेल तर त्याला दुसरी डिस्क दिसत नाही, परवानगी द्यावी लागते. शिवाय एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलला की फ्लॅटपॅकही अपडेट करावं लागतं, नाहीतर दोघांची आवृत्ती जुळत नाही.

मग गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कंपॅटिबिलिटी’त जाऊन प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून पाहा. आधी शेवटची स्थिर, मग ‘एक्सपेरिमेंटल’. गेममधले व्हिडिओ काळे दिसत असतील तर लोकांनी बनवलेली ‘जीई’ आवृत्ती कामाला येते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि कुठे काय बदललं ते लिहून ठेवा. प्रोटॉनडीबीवरच्या सात जणांच्या सात ओळी एकाच वेळी डकवणारा माणूस शेवटी माझ्याकडे येतो, आणि मी सगळ्यात आधी त्या साती ओळी पुसते.

तरीही नाही? गेमचा खोटा सी ड्राइव्ह खराब झाला असेल. ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डरमध्ये गेमच्या क्रमांकाचं फोल्डर असतं. त्याचं नाव बदलून ठेवा, पुढच्या वेळी नवं बनतं. पुसू नका, कारण बऱ्याच गेममधली तुमची साठवलेली प्रगती त्याच्या आत असते.

नवतपा, कूलर आणि स्क्रू-ड्रायव्हर

वीस मिनिटं झकास आणि मग गचके, ही तक्रार मला डिसेंबरात कधीच येत नाही. येते ती एप्रिलअखेरपासून. कारण साधं आहे. परीक्षा संपते, पोरांना वेळ मिळतो, म्हणून लिनक्स टाकतात नेमकं मे महिन्यात. बाहेर ४५ अंश, वरच्या मजल्यावरची खोली तव्यासारखी. विंडोजच्या आठवणी असतात जानेवारीतल्या, लिनक्सचा अनुभव नवतप्यातला. शिव्या लिनक्सला.

मँगोहडमध्ये तापमान आणि वेग दोन्ही बघा. लॅपटॉपचा प्रोसेसर ९५ च्या वर गेला आणि त्याच क्षणी त्याचा वेग खाली आला तर तो स्वतःला वाचवतोय. आणखी एक गोष्ट लॅपटॉपची. पंखा जोरात फिरवणारं कंपनीचं ॲप बहुतेक वेळा फक्त विंडोजसाठी असतं, लिनक्सवर पंखा मधल्या मोडमध्येच राहतो. काही लॅपटॉपवर कीबोर्डवरची एफएनची जोडकळ इथेही चालते, आधी ती दाबून पाहा. गेममधली फ्रेम-मर्यादा ६० वर आणा. मागून दोन वह्या लावून लॅपटॉप उचला. यात पैसा लागत नाही.

डेस्कटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. मशीनला गार वाटेल असं आपल्याला वाटतं, पण कूलरची हवा दमट असते, सोबत बारीक तुषार येतात. बोरचं पाणी असेल तर त्यातले क्षार कार्डावर पांढरे डाग बनून बसतात, आणि वरून धूळ चिकटून त्याचा लेप होतो. अयोध्यानगरातल्या एका मशीनचा पंखा मी उघडला तेव्हा वाळ्याच्या ताटीची काडीच आत अडकलेली होती.

धूळ झटकायची तर मशीन बंद, वायर काढलेली, पंख्याचं पातं बोटाने धरलेलं, आणि मऊ ब्रश. पातं मोकळं सोडून जोराची हवा मारू नका, ते फार वेगाने फिरून खराब होतं. डेस्कटॉपच्या प्रोसेसरची पेस्ट वाळली असेल तर बदलता येते, काही शे रुपयांचं काम आहे, पण हात बसलेला हवा. लॅपटॉप आणि ग्राफिक्स कार्ड मी स्वतः उघडत नाही.

इथे थांबा

यापुढचं काम ओळखीच्या ताई-दादाचं नाही. गेम चालू असताना मशीन एकदम बंद होते किंवा स्वतःहून रीस्टार्ट होते, तर संशय एसएमपीएसवर (मशीनला वीज देणारा डबा) किंवा घरातल्या विजेच्या दाबावर. संध्याकाळी सगळीकडे कूलर-एसी चालू झाल्यावरच होत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग आणि व्होल्टेज मोजून घ्या. एसएमपीएस कधीही उघडू नका, वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते. पडद्यावर रंगीत चौकटी किंवा रेघा येत असतील, आणि त्या बायोसमध्येही दिसत असतील, तर कार्डच आजारी आहे, सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. लॅपटॉपचं टचपॅड वर आलं असेल, झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, चालू करू नका, दुकानात न्या. डिस्क टकटक करते किंवा कॉपी करताना मधेच अडते, तर तिच्यावर आणखी काहीही न लिहिता आधी डेटा काढून घ्या. बायोस अपडेटही दुकानातच, आणि तेही यूपीएसवर.

दुकानात जाताना तीन गोष्टी लिहून न्या. ‘अबाउट’मध्ये ग्राफिक्ससमोर काय दिसतं, गचका बसताना मँगोहडमध्ये तापमान किती होतं, आणि शेवटचं अपडेट कधी केलं. बर्डीवर पहिला प्रश्न हमखास येतो, ‘फॉरमॅट मारून देऊ का?’ नको म्हणा. आधी कार्ड काढून दुसऱ्या मशीनमध्ये लावून दाखवायला सांगा.